जुना आवाज, नवे यंत्र



तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर गावात खापराच्या तुकड्यालाही मोल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची मोठी पेठ असल्याची नोंद आहे. ते तगर म्हणजे आजचे तेर. या पेठेतली मातीची खेळणी, शंखाच्या बांगड्या, मणी, हस्तिदंती बाहुली अशा किती तरी वस्तू पांढरीच्या मातीतून वर आल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतून गावात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीचा कुंभार कसा घडवत होता, हे आज शाळेतले पोर काचेपलीकडून पाहू शकते.

पण तो कुंभार बोलत कसा होता? चाकावर बसून काही गुणगुणत होता का? ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही. भांडे फुटले तरी खापर उरते, आवाजाचे खापर उरत नाही.

आपली पिढी या बाबतीत भाग्यवान म्हटली पाहिजे. आपल्या माणसांचे आवाज तबकडीवर आणि फितीवर उतरवून ठेवता येतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात शक्य झाले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली, आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे इतकी स्वस्त झाली की खेड्यापाड्यांत घरोघर टू-इन-वन आले. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते त्यावर वाजली आणि सप्ताहातली कीर्तनेही त्यावरच भरून ठेवली गेली. लग्नातली विहिणीची गाणी, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, दुबईला कामाला गेलेल्या मुलासाठी आईने बोलून पाठवलेला निरोप, असे किती तरी आवाज आजही मराठवाड्यातल्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत, धूळ खात पडून आहेत.

आणि खाली बैठकीच्या खोलीत काय आहे? मोठा टीव्ही आहे. त्याच्याखाली होम थिएटरचा काळा रिसीव्हर आहे, आणि भोवती पाच-सहा स्पीकर आहेत. माळ्यावरचा आवाज आणि खालचे यंत्र यांची गाठ घालून द्यायची, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही गाठ घालायला गेलेले लोक बहुधा तीनपैकी एक तक्रार घेऊन परत येतात. कुणी म्हणतो, "रेकॉर्ड लावली, पण आवाज लई बारीक येतोय." दुसरा म्हणतो, "टेप जोडला तर आवाज फाटतोय." आणि तिसरा सांगतो, "गाण्यापेक्षा घूं घूंच जास्त आहे." मग सगळे मिळून निकाल देतात की यंत्र जुने झाले, आता ते भंगारात द्यावे. श्रोतेहो, हा निकाल घाईचा आहे. बहुतेक वेळा दोष म्हातारपणाचा नसतो. दोन यंत्रे एकमेकांशी कोणत्या पट्टीत बोलतात, ते न पाहता त्यांना जोडलेले असते, एवढेच.

हे नीट समजण्यासाठी शेतातल्या पाण्याकडे पाहू. विहिरीच्या कडेला पाझर असतो, रानातून पाट वाहतो आणि तलावाला सांडवा असतो. तिन्हींत पाणीच आहे, पण जोर निराळा. पाझराचे पाणी तसेच पाटात सोडले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. सांडव्याचे पाणी पाटात सोडले तर पाट फुटतो. आवाजाच्या विजेचेही असेच आहे.

रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून निघणारी वीज म्हणजे पाझर. नेहमीच्या चुंबकी पिकअपमधून ती साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट येते, म्हणजे एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यातले तीन ते पाच. कॅसेट डेक, ट्यूनर, सीडी प्लेअर यांच्यातून येणारी वीज म्हणजे पाट. ती साधारण ३०० मिलिव्होल्टपासून २ व्होल्टपर्यंत असते. आणि स्पीकरकडे जाणारी वीज म्हणजे सांडवा. ती कित्येक व्होल्ट असते, आणि तिच्यामागे जोरही मोठा असतो. रिसीव्हरच्या पाठीमागे 'ऑक्स', 'सीडी' किंवा 'टीव्ही ऑडिओ' असे लिहिलेली जी गोल भोके असतात, ती पाटाच्या पाण्यासाठी केलेली आहेत. पाझर आणायचा असेल तर आधी वाढवला पाहिजे, आणि सांडवा तर तिथे कधीच आणायचा नाही.

आता एकेक यंत्र घेऊ.

सर्वांत सोपे काम टेपचे. घरात कॅसेट डेक असेल तर त्याच्या पाठीवर 'लाइन आउट' असे लिहिलेली दोन भोके असतात. लाल उजव्या बाजूचे, पांढरे डाव्या बाजूचे. तिथून दोन पिनांची वायर रिसीव्हरच्या 'ऑक्स'ला किंवा 'सीडी'ला लावली की काम झाले. टू-इन-वनला बहुधा 'लाइन आउट' नसते, पण कानाला लावायच्या हेडफोनचे भोक असते. एका बाजूला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी पिन, अशी वायर बाजारात सहज मिळते. ती लावताना टू-इन-वनचा आवाज अगदी कमी ठेवावा आणि मग हळूहळू निम्म्यापर्यंत न्यावा. पुढचा चढउतार रिसीव्हरवरच करावा. टू-इन-वनचाच आवाज पूर्ण उघडला तर तो फाटणार, हे उघड आहे. काही जुन्या टेपरेकॉर्डरांना पाच टोकांचे गोल 'डिन' सॉकेट असते. अशा टेपच्या सॉकेटात तिसऱ्या आणि पाचव्या टोकावर डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज बाहेर येतो, आणि दुसरे टोक जमिनीचे असते. एवढे सांगितले की कोणताही रेडिओ मेकॅनिक त्याची वायर करून देईल.

टेप एकाच तोंडाचा, म्हणजे मोनो असेल तर आवाज एकाच स्पीकरमधून येईल. घाबरू नका. एका पिनेच्या दोन पिना करणारा जोड लावा, म्हणजे तोच आवाज दोन्ही बाजूंना जाईल.

आता तबकड्या वाजवणाऱ्या यंत्राकडे येऊ. इथे थोडे जास्त लक्ष द्यावे लागते. पहिला प्रश्न हा की त्याचे पिकअप, म्हणजे सुई धरणारा भाग, कोणत्या जातीचा आहे. चांगल्या टर्नटेबलांना चुंबकी पिकअप असते. त्याचा आवाज पाझराएवढा, म्हणून मध्ये 'फोनो प्रीअँप' नावाची छोटी डबी लागते. रिसीव्हरच्या पाठीवर 'फोनो' असे लिहिलेली जागा असेल तर ती डबी आतच आहे असे समजावे, वेगळी घेण्याचे कारण नाही. पुष्कळ नव्या रिसीव्हरांत ती जागा नसते, तेव्हा डबी बाहेरून लावावी. टर्नटेबल नवे असेल तर त्याच्या पाठीवर 'फोनो' आणि 'लाइन' अशी कळ आहे का तेही पाहावे. 'लाइन'वर कळ असली की आतली डबी सुरू होते. मात्र दोन डब्या एकापुढे एक लागल्या तर आवाज फाटतो, म्हणून कुठलीही एकच सुरू असावी.

कुणी विचारील, पाझर वाढवायचाच आहे तर रिसीव्हरचा आवाज पूर्ण उघडून का भागत नाही? याचे कारण समजण्यासारखे आहे. तबकडी कापताना खर्जाचे, म्हणजे जाड आवाज मुद्दाम कमी करून कोरतात. नाही तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की तबकडीवर गाणेच मावणार नाही. आणि बारीक, तीक्ष्ण आवाज मुद्दाम वाढवून कोरतात, म्हणजे सुईच्या खरखरीत ते बुडत नाहीत. वाजवताना हा सगळा फेरफार उलटा करावा लागतो. उन्हाळ्यात आपण गवारीच्या शेंगा वाळवून ठेवतो. पावसाळ्यात त्या खायच्या तर आधी भिजत घालाव्या लागतात, तसेच हे. किती वाढवायचे आणि किती कमी करायचे, याचे एकच माप १९५४ साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ठरवले, आणि पुढे ते जगभर चालू झाले. त्यालाच 'रिआ'चे माप म्हणतात. फोनोची डबी आवाज वाढवते आणि हे भिजत घालण्याचे कामही करते. म्हणून डबीवाचून लावलेल्या तबकडीवर तबला हरवतो आणि गायकाचा गळा पत्र्यासारखा वाजतो.

आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत दुसऱ्याच जातीची यंत्रे होती, पेटीसारखी, झाकणाची, हातात धरून नेता येणारी. त्यांत बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असते. त्याची वीज शेकडो मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ पाटाएवढी असते, आणि वर सांगितलेला फेरफार ते स्वभावानेच बराचसा उलटा करते. त्याला फोनोच्या डबीत घातले तर आवाज फाटणार. पण थेट 'ऑक्स'ला लावले तर खर्ज पातळ होतो, कारण या पिकअपला पुढचे दार फार अरुंद, सुमारे १० लाख ओहमच्या अडथळ्याचे लागते आणि रिसीव्हरचे दार त्याहून पुष्कळ सैल असते. मधला साधा 'बफर' मेकॅनिककडून करून घेतला की हा दोष जातो. त्या पेटीतच स्वतःचा अँप्लिफायर आणि हेडफोनचे भोक असेल तर टू-इन-वनसारखे तिथूनच घेतलेले बरे.

सुईची एक गोष्ट सांगून ठेवतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. ३३ आणि ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांना सुमारे १८ ते २५ मायक्रॉनची सुई लागते. एकीची सुई दुसरीला लावू नये. जुन्या पिकअपवर एक इवली कांडी असते आणि ती फिरवली की सुई बदलते, ते पाहून घ्यावे. झिजलेली सुई तर तबकडीचा जन्माचा घात करते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्या-आठवड्याला निघाले, आणि पुढे त्याच्या तबकड्या घरोघर गेल्या. अशी तबकडी ज्यांच्याकडे असेल त्यांनी नवी सुई घातल्याशिवाय ती लावू नये.

आता धोक्याची सूचना. वाल्व्हचा जुना रेडिओ पुष्कळांच्या घरी जपून ठेवलेला असतो. त्यातले काही 'एसी-डीसी' जातीचे असतात. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि त्यांचा लोखंडी सांगाडा थेट घरातल्या विजेला जोडलेला असतो. अशा रेडिओतून वायर काढून रिसीव्हरला लावली तर यंत्र जळेल, आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. रेडिओ कोणत्या जातीचा आहे हे जाणत्या मेकॅनिकने सांगेपर्यंत तो कशालाही जोडू नका. तसेच कोणत्याही यंत्राची स्पीकरची वायर रिसीव्हरच्या गोल भोकांत खुपसू नका. तो सांडवा आहे, हे विसरू नका.

जुने लाकडी पेटीचे स्पीकर नव्या रिसीव्हरला लावायचे असतील तर त्यांच्या पाठीवरचा ओहमचा आकडा पाहा. तो रिसीव्हरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी नसावा. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला. दोन स्पीकरांत उलटसुलट झाले तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो.

रिसीव्हरच्या बाजूला दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. सारख्याच आकाराची काही भोके आवाज बाहेर काढण्यासाठी असतात. त्यांच्यावर 'प्री आउट' किंवा 'सबवूफर' असे लिहिलेले असते. तिथे टेप लावून तासभर वाट पाहिली तरी काही येणार नाही. वायर लावल्यावर पुढच्या बाजूने किंवा रिमोटवरून तेच नाव निवडावे लागते. आणि सिनेमाचा 'सराउंड' बंद करून 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' निवडावे. दोन तोंडांतून भरलेले कीर्तन पाच तोंडांतून वाजवले की बुवा एका कोपऱ्यात आणि टाळकरी पाठीमागे, अशी गंमत होते. आणि ज्यांच्या घरी रिसीव्हरऐवजी लांब पट्टीचा साउंडबार आहे आणि त्याला ही भोकेच नाहीत, त्यांनी आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी छोटी डबी घ्यावी. तिच्यातून निघणारी प्रकाशाची वायर 'ऑप्टिकल' जागी लागते.

राहिली घूं घूं. तिचे मूळ बहुधा आपल्या घरातल्या ५० फेऱ्यांच्या विजेत असते. टर्नटेबलच्या पाठीमागून एक बारीक मोकळी वायर निघते. ती फोनोच्या डबीवर किंवा रिसीव्हरवर 'जीएनडी' लिहिलेल्या स्क्रूला आवळा. निम्मी तक्रार तिथेच संपते. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावा. आवाजाची वायर विजेच्या वायरीला बिलगू देऊ नका, ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा. पण आवाज थांबावा म्हणून तीन पिनांपैकी जाड पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, कधीही काढू नका. ती जीव वाचवण्यासाठी आहे. आणि प्रत्येक वायर लावताना किंवा काढताना सगळी यंत्रे बंद असू द्या.

एवढे करूनही आवाज आला नाही तर? तेरच्या माणसाला परीक्षा कशी घ्यावी हे सांगायला नको. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थाप दिली आणि कोणते मडके भाजलेले, कोणते कच्चे ते सांगितले, ही कथा या गावातल्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. आपणही एका वेळी एकच मडके वाजवावे. आधी त्याच भोकात मोबाइल लावून गाणे वाजवा. वाजले तर रिसीव्हर पक्का. मग वायर बदलून पाहा. वायरही पक्की निघाली तर कच्चेपण टेपमध्ये आहे, असे समजा. सगळे एकदम हलवले तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. आणि ही परीक्षा घेताना बाजारातली साधी कॅसेट वापरा, आजीच्या आवाजाची नव्हे.

कारण जुन्या टेपचे रबरी पट्टे सैल झालेले असतात आणि ते फीत गिळतात. आधी पट्टे बदलून घ्या. फीत जिथे घासते ते हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. वर्षानुवर्षे पडून राहिलेली कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळा, मगच वाजवा. पांढरी बुरशी दिसली तर मुळीच वाजवू नका, जाणत्याकडे द्या. आणि सर्वांत आधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन इवल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाका. मग चुकून कुणी लाल बटण दाबले तरी जुन्या आवाजावर नवा आवाज चढणार नाही.

श्रोतेहो, एवढी खटपट करून आवाज स्पीकरमधून आला की घरातली माणसे भोवती गोळा होतील. त्याच दिवशी आणखी एक काम करा. फीत दर वेळी वाजवताना थोडी झिजते, म्हणून पहिल्या चांगल्या वाजण्याचीच नक्कल उतरवून घ्या. टेपची वायर संगणकाला जोडून 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या साधनाने ती घेता येते. दाबून लहान न केलेल्या, सीडीच्या दर्जाच्या एका तासाच्या आवाजाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आजच्या हिशेबाने ती काहीच नाही. नक्कल दोन ठिकाणी, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

शिक्षक मित्रांना इथे एक विनंती आहे. हे काम शाळेने हाती घेतले तर विज्ञानाचा तास आणि इतिहासाचा तास एकाच टेबलावर होईल. मिलिव्होल्ट म्हणजे काय ते मुलांना कळेल, आणि पणजीचा आवाजही ऐकायला मिळेल. मात्र प्रत्येक फितीबरोबर वहीत चार ओळी लिहून घ्या: कोण बोलते किंवा गाते आहे, कुठल्या गावी, कोणत्या साली, आणि हा आवाज बाहेर ऐकवायला घरच्यांची हरकत आहे का. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परका होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रित झाल्या, आणि आज त्या जगात कुठेही ऐकता येतात. त्या ऐकताना कोण बाई गाते आहे, ती कुठल्या गावची, हे आपल्याला कळते, कारण ते त्या वेळीच विचारून लिहून ठेवले होते. एवढा मोठा संग्रह आपल्याला करायचा नाही. आपल्या गल्लीतल्या दहा पेट्या उघडल्या तरी पुष्कळ झाले.

पावसाळ्याची ओल फितीला मानवत नाही, आणि गाणारणीचे नाव सांगू शकणारी म्हातारी माणसेही आपल्यात कायमची नाहीत. तेव्हा येत्या रविवारी माळ्यावरची पेटी खाली उतरवा. आधी झाकण पुसा, पट्टे तपासा, कॅसेटच्या पट्ट्या मोडा, मग वायर आणा. आणि पहिला आवाज येईल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला रिसीव्हरसमोर बसवा आणि विचारा, "ओळखता का, कोण गातंय?" उत्तर आले की लगेच वहीत लिहा.